मंगलमावशीची फुंकर

मंगलमावशी गेल्याचं मला घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. वर कुणाचा तरी 'शुभ सकाळ'चा गुलाब, खाली साड्यांच्या सेलची जाहिरात आणि मधोमध मामाचा मेसेज, 'आपल्या मंगलताईला देवाज्ञा झाली.' मग हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. ज्यांनी वर्षानुवर्षं मावशीला फोन केला नव्हता, त्यांची चित्रं सगळ्यात आधी आली. चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसची वाट बघत ती थांब्यावर उभी होती, तिथेच कोसळली. हार्ट अटॅक. याला दीड महिना होऊन गेला.

मावशी एका कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला होती. तयार झालेला माल तिच्या टेबलावरून गेल्याशिवाय गाडीत चढत नसे. लग्न केलं नाही, थेरगावात स्वतःच्या छोट्या फ्लॅटमध्ये राहायची. माझं कॉलेज ताथवड्याला, त्यामुळे रविवारी मी तिच्याकडे जायचे. मला चारचौघांत बोलायला जमत नाही. तिच्याकडे बोलावं लागायचं नाही, कारण ती पितळेचं इंजिन बनवत असायची.

किट तिनं परदेशातून मागवला होता. किट म्हणजे काय, तर पितळेचे कागदासारखे पातळ पत्रे. ॲसिडनं कोरून काढलेले इंजिनाचे बारीक बारीक तुकडे त्या पत्र्यांना नखाएवढ्या दांड्यांनी धरलेले असतात. तुकडा कापायचा, कडेला कानस मारायची, कोरलेल्या रेघेवर वाकवायचा, मग सोल्डर करायचा, म्हणजे वितळवलेल्या कथलानं जोडायचा. वाकवायची संधी एकदाच. उलटा वाकवला की तुटतो. एवढं सगळं करून शेवटी तळहातावर मावेल असं, डोंगरातल्या छोट्या गाडीचं वाफेचं इंजिन व्हायचं होतं. पहिल्यांदा गेले तेव्हा सोल्डरचा धूर आणि डाग बसण्यासाठी आधी लावायच्या फ्लक्सचा आंबूस वास यांनी मला ओकारी येत होती. मावशीनं खिडकी उघडली आणि एक तुकडा माझ्या हातात दिला. त्यावरचे रिव्हेट, म्हणजे खिळ्यांच्या डोक्यांसारखे बारीक उंचवटे, मागून बोथट सुईनं दाबून उठवायचे होते. मी उठवले. एक तिरका आला.

"शी," मावशी म्हणाली. "हे काय आहे?"

"चालेल ना मावशी. दिसत पण नाही."

"'चालेल' म्हणतात म्हणूनच तर आमच्याकडे गाड्या भरभरून माल परत येतो." तिनं तो तुकडा माझ्यासमोर परत ठेवला. "मॅडम, तुमच्या इंग्लिश मिडियममध्ये 'नाही' म्हणायला शिकवत नाहीत का? लोकांना नका म्हणू. स्वतःच्या कामाला तरी म्हणा."

'शी' हा तिचा आवडता शब्द होता. बेकरीतल्या खारीला शी, सोसायटीच्या नव्या गेटला शी, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या सोल्डरला शी. इंजिनाचा चाकं बसवलेला सांगाडा ती काचेच्या पट्टीवर ठेवायची आणि मागून हलकेच फुंकर मारायची. "नंतर मोटर बसवली की ती काय, कसलंही ओढून नेते. फुंकरीनं चाललं तर खरं." कुठे अडलं की शी, आणि परत सगळं सुटं. एकदा मामा आला होता. टेबलावरचा पसारा बघून म्हणाला, "ताई, एवढ्या वेळात खरी गाडी बांधून झाली असती."

"तुझ्या बंगल्यासारखी ना?" मावशी मान वर न करता म्हणाली. "गळकी?"

शेवटच्या रविवारी सांगाडा अर्ध्या पट्टीपर्यंत गेला आणि थांबला. मावशीनं डोळे बारीक करून पाहिलं. "एके ठिकाणी अडतंय. पुढच्या रविवारी बघू..." त्याच आठवड्यात ती गेली.

दहाव्याला आम्ही पवनेच्या घाटावर होतो. नदीवर जलपर्णी, कडेला फेस, आणि पायऱ्यांवर आधीच्या लोकांच्या पत्रावळी. पिंडाला कावळा शिवत नव्हता. त्या सकाळी घाटावर इतके पिंड होते की कावळ्यांची पोटं भरली असावीत. पण मंडळींना घाई होती, नाश्त्याची ऑर्डर दिलेली होती. मग एकेकानं हात जोडून मावशीला शब्द द्यायला सुरुवात केली. फ्लॅटचं नीट करू. धाकटीला अंतर देणार नाही. धाकटी म्हणजे माझी आई. ती रडायला लागली. कावळा कठड्यावर बसून बघत राहिला. शेवटी मामा वैतागून ओरडला, "अगं बाई, ते तुझं इंजिन! पूर्ण करतो ते! शब्द देतो!" तेवढ्यात गुरुजी म्हणाले, जरा मागे सरका. सगळे मागे सरले आणि कावळा आला.

"बघा! जीव त्यातच अडकला होता," कुणीतरी म्हणालं. मग सगळे पोह्यांकडे वळले.

महिन्याच्या श्राद्धाला मामाच्या हॉलमध्ये, टीव्हीशेजारी, काचेची पेटी होती. मामानं ट्रॉफी बनवणाऱ्या एका दुकानदाराकडून इंजिन पूर्ण करून आणलं होतं. उरलेले सगळे तुकडे फेव्हिक्विकनं चिकटवलेले, धुराडं कललेलं, वरून सोनेरी स्प्रे, खाली ग्रॅनाइटचा तुकडा आणि त्यावर मावशीचं नाव. रंगाखाली रिव्हेट बुजले होते. आणि चाकं... चाकंसुद्धा चिकटवली होती, पेटीत हलू नयेत म्हणून.

"कसं चमकतंय बघ! तुझ्या मावशीला दोन वर्षांत जमलं नाही," मामा माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाला. लोक पेटीशेजारी उभे राहून फोटो काढत होते. पंगत बसल्यावर मी पेटी उचलली आणि रिक्षात बसले. कुणी अडवलं नाही. सगळे जिलबी वाढून घेत होते.

घरी मावशीचा, तिच्या फ्लॅटमधून आणलेला जुना स्टीलचा डबा घेतला. ती हाच कंपनीत न्यायची. इंजिन त्यात ठेवून वर फेव्हिक्विक विरघळवणाऱ्या नेलपेंट रिमूव्हरच्या बाटल्या ओतल्या आणि झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी उघडलं तेव्हा वर सोनेरी साय तरंगत होती आणि तळाशी धुराडं, घुमट, पायऱ्या असं सगळं सुटं पडलं होतं. दुकानदारानं लावलेलं सगळं निघालं. मावशीनं सोल्डर केलेलं तसंच होतं.

संध्याकाळी मामाचा फोन आला. "पेटी तू नेलीस का गं? पाहुणे विचारतायत."

"मामा, मी ते सुटं केलं."

"सुटं? अगं, आपण शब्द दिला होता! कावळा शिवला त्यावर!"

"तुम्ही दिला होता. ते पूर्ण झालेलं नव्हतं."

"मग काय, परत चिकटवून देतेस का?"

"नाही," मी म्हणाले. मग त्यानं आईला फोन द्यायला सांगितलं.

आता मावशीची काचेची पट्टी माझ्या टेबलावर आहे. सांगाडा धुतला, पुसला, चाकांना सुईच्या टोकानं तेल दिलं आणि पट्टीवर ठेवला. मागून फुंकर मारली. तो निघाला, अर्ध्या पट्टीपर्यंत गेला आणि थांबला. एके ठिकाणी अडतंय अजून.

"शी," मी म्हणाले, आणि कानस शोधायला लागले.