प्रोजेक्टरपुढचा हात

नाशिकच्या आमच्या फिल्म क्लबचे सेक्रेटरी चहा मागतानाही म्हणतात, "वाद नको, पण साखर अर्धाच चमचा."

परवा त्यांनी हुकूमशाहीत दडपलेल्या प्रयोगशील सिनेमावरचा माहितीपट लावला. राजकीय काही दाखवलंत तर हॉल पुन्हा मिळणार नाही, असं हॉलवाल्यांनी बजावलं होतं. पडद्यावर मोर्चा निघाला आणि अंधार झाला. घोषणा मात्र ऐकू येत होत्या.

मी जाणकाराच्या थाटात बायकोला समजावलं, "हा अंधार म्हणजे दडपशाही."

मागे प्रोजेक्टरपाशी बसलेले सेक्रेटरी कुजबुजले, "वाद नको, पण वहिनी, तो माझा हात आहे."

"मग यांचं बरोबरच आहे की," बायको म्हणाली.

पुढच्या मोर्च्याला सेक्रेटरींनी बोटं जरा फाकवली. अर्धा चमचा मोर्चा आम्हाला दिसला.