बाकावर मालक बसतात

"ए, ऊठ तिथून. बाकावर मालक बसतात."

मी मागं वळून बघितलं. एक बाई बोलत होती, कुणाला म्हणतेय ते कळेना. मलाच म्हणत होती.

आमच्या वस्तीला लागून मोठी कॉलनी आहे. तिथल्या मोकळ्या जागेला जाळी मारून कुत्र्यांसाठी बाग केलीय. आत शिरलं की पट्टा सोडायचा, कुत्रं मोकळं पळतं. फाटकावर पाटी आहे, 'सर्वांसाठी खुले'. मी शिकलेली. घरातली पहिली पदवीधर, क्रांती चौकात ऑफिसात नोकरी. पाटी वाचली आणि खरी मानली. रविवारी सकाळी शेरूला घेऊन गेले. शेरू आमच्या गल्लीत जन्मला, आमच्या दारात वाढला. पट्टा काढला तसा कान मागं टाकून सुसाट सुटला. मी बाकावर बसले. एवढंच केलं.

आत माझी आई होती. ती रोजच असते. कॉलनीत धुणीभांडी करते, आणि कामाच्या घरचा लॅब्राडोर, कोको, फिरवून आणते. त्या बागेत माणसांना कुत्र्याच्या नावानं ओळखतात. ब्रूनोचे पप्पा. कोकोची मम्मी. माझ्या आईला म्हणतात, कोकोची बाई. मालक बाकावर, कामवाल्या बाया जाळीला टेकून उभ्या. हे कुठल्याच पाटीवर नाही. तरी सगळ्यांना पाठ.

मला उठवणारी ती कोकोची मम्मी. आईची मालकीण. मी उठेना म्हणून तिनं विचारलं, "हा कुत्रा कुणाचा?"

"माझा."

"तसं नाही गं. कुणाच्या घरचा?"

"माझ्याच घरचा."

शेजारी बसलेले ब्रूनोचे पप्पा हसले. "म्हणजे रस्त्यावरचा." मग जाळीजवळच्या माझ्या आईला म्हणाले, "मावशी, कोकोला लांब घ्या. गोचीड-बिचीड असायची."

लस टोचलीय त्याला, मी म्हणाले. कुणी ऐकलं नाही.

तेवढ्यात आई जाळीपासून पुढं आली. वाटलं, आता सांगेल, ही माझी लेक. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. खाली मान घालून म्हणाली, "उठा ना ताई. कशाला उगं."

ताई. पोटच्या लेकीला.

काम टिकावं म्हणून आईनं मला परकं केलं. भर सकाळी, लोकांसमोर. मी बाकावर सरकून जागा केली. म्हणाले, "आई, तूच बस इथं."

"मावशी, ही तुमची?" कोकोच्या मम्मीनं विचारलं.

आईनं वाकून कोकोला पट्टा लावला. ती बसली नाही. मी उठले नाही.

संध्याकाळी निरोप आला, मावशींनी उद्यापासून येऊ नये. शेजारच्या घरांतलंही काम गेलं. भाकरी थापता थापता आई बोलली, "तू बसलीस, अन् माझं उभं राहणंबी गेलं. लई शिकवलं तुला, नाय का?"

पुढच्या रविवारी मी शेरूला घेऊन पुन्हा बागेत गेले. आजही जाते.

कोकोला आता आमच्याच वस्तीतली दुसरी बाई फिरवते. मी दिसले की तोंड फिरवते. तिला तिचं काम सांभाळायचंय. शेरूजवळ कुणी आपलं कुत्रं येऊ देत नाही, तो एकटाच पळतो. परवा माझ्यादेखत कॉलनीवाले फाटकाला कुलूप लावून किल्ल्या आपल्याकडं ठेवायचं बोलत होते. लावतील. काही बदललं नाही, बदलेल असं वाटतही नाही.

तरी मी जाणार. कुलूप लावलं तर फाटकासमोर बसेन, त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेत, जमिनीवर. आई सोबत येणार नाही. येऊ नये तिनं. तिचा जन्म लोकांना वाट देण्यात गेला. मी देणार नाही.