दुसऱ्या मजल्यावरचं ताट

गल्लीत सगळे त्याला बाइंडर म्हणत. फाटलेली पुस्तकं, कचेऱ्यांची जाडजूड बाडं, कॉलेजच्या पोरांचे प्रबंध, काहीही नेऊन टाका, तो ते शिवून, खळ लावून, पुठ्ठा चढवून परत द्यायचा. त्याच्या भिंतीला लागून टेलरचं दुकान होतं. दोघांचंही काम सुईदोऱ्याचं.

"आपण एकाच धंद्यातले रे," टेलर म्हणायचा. "मी माणसं झाकतो, तू कागद झाकतोस. फरक एवढाच, पोट सुटलं म्हणून तुझं गिऱ्हाईक शिवण उसवायला परत येत नाही."

बाइंडरची बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत आजारपणात गेली. मूलबाळ नव्हतं. ती गेल्यावर एके संध्याकाळी टेलरच्या बायकोनं भिंतीपलीकडून हाक मारली, "भावजी, जेवायला या." दुसऱ्या दिवशीही मारली. त्यानंतर हाक मारायची गरज राहिली नाही. दुकानाची फळी लावली की बाइंडर हाताची खळ धुऊन तसाच अनवाणी पलीकडे जायचा आणि त्याचं ताट मांडलेलं असायचं. असं करायचं, हे कोणी कधी ठरवलं नव्हतं. टेलरची मुलगी त्याच्या कागदांच्या थप्पीवर बसून अभ्यास करत मोठी झाली, लग्न होऊन दूरच्या शहरात गेली, तरी ते ताट होतं तिथंच राहिलं.

मग रस्ता रुंद करायचा ठरला आणि गल्ली पाडली. सगळ्यांना एका उंच इमारतीत घरं मिळाली. चिठ्ठ्या टाकल्या, त्यात टेलरला दुसरा मजला आला आणि बाइंडरला सहावा. घरं चांगली होती. नळाला पाणी, खिडकीत ऊन. पण आता जेवायला निघायचं म्हणजे चपला घालाव्या लागत, कुलूप लावावं लागे, लिफ्टची वाट बघावी लागे. लिफ्टमध्ये गल्लीतलीच माणसं भेटत, आणि जन्मभर एकमेकांच्या घरात डोकावलेली ती माणसं आता आपापल्या पायांकडे बघत उभी राहत.

टेलर मात्र बाइंडरच्या वेळेला दार जरासं लोटून ठेवायचा. घंटी वाजवायची नाही, अशी ताकीदच होती. एकदा त्यानं चुकून वाजवली, तर वहिनी आतून ओरडल्या, "कोण पाहुणे आले बघा हो! साबण विकायला आले असतील."

त्याच सुमारास विद्यापीठातून एक मुलगी येऊ लागली. जुन्या वस्त्यांतली माणसं इमारतीत आली की त्यांच्या नात्यांचं काय होतं, याचा अभ्यास तिचे सर करत होते. हातात टॅब घेऊन ती घरोघर बसायची. बाइंडरला तिनं विचारलं, "घरात कोण कोण असतं, आजोबा?"

"मी एकटा."

"बरं. आता घराबाहेरची पाच माणसं सांगा. अडचण आली तर ज्यांना हाक माराल अशी."

"टेलर," बाइंडर म्हणाला.

"आणखी?"

"टेलरची बायको."

"आणखी तिघं?"

बाइंडर बराच विचार करून म्हणाला, "बास की. एवढ्या कसल्या अडचणी येणार मला?"

मुलगी हसली. त्यालाही बरं वाटलं. आपल्याला सगळ्यांत आधी कोण आठवलं, हे टेलरला सांगायला पाहिजे, असं मनात आलं. पण असलं काही बोलायची दोघांत रीत नव्हती.

पुढच्या आठवड्यात तो जेवायला निघाला, तेव्हा लिफ्ट बंद होती. जिना उतरायला वेळ लागला. टेलरच्या दाराशी आला तर आत त्या मुलीचा आवाज. दार नेहमीसारखं लोटलेलं. त्यानं चपला काढल्या आणि आत जाणार, तेवढ्यात ती म्हणाली, "आता घराबाहेरची पाच माणसं, आजोबा."

बाइंडर थांबला. खरं सांगायचं तर हावरटासारखा थांबला. आपलं नाव ऐकायचं आणि मग आत जायचं, असं त्याच्या मनात होतं.

"खालचा औषधवाला," टेलर म्हणाला. "तिसऱ्या मजल्यावरचा कंडक्टर. माझा मावसभाऊ. तो वायरमन."

"चार झाले. पाचवं?"

टेलर अडखळला. आत भांड्याचा आवाज झाला.

"तो वॉचमन लिही," टेलर म्हणाला. "काय त्याचं नाव ते... गेटवरचा."

बाइंडरनं आवाज न करता चपला पायात सरकवल्या आणि तो जिना चढून वर गेला. चार मजल्यांत कुठंही टेकला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं वहिनींना निरोप पाठवला, पोट ठीक नाही, डॉक्टरांनी घरीच हलकं खायला सांगितलंय. विजेची शेगडी आणली. तांदूळ कधी करपायचे, कधी कच्चे राहायचे. वहिनींनी डबा पाठवला. त्यानं तो घासून-पुसून परत नेऊन दिला आणि दारातूनच म्हणाला, "धन्यवाद, वहिनी. आता पाठवत जाऊ नका, उगीच त्रास."

वहिनी डबा हातात धरून नुसत्या बघत राहिल्या. इतक्या वर्षांत त्यानं त्यांना 'मीठ कमी आहे' म्हटलं होतं, 'आज काय उपाशी मारता काय' म्हटलं होतं. धन्यवाद कधी म्हटलं नव्हतं.

चार दिवसांनी टेलर गुडघा धरत वर आला. खुर्चीत बसून आधी धापा टाकल्या.

"काय रे, रुसलायस का?"

"रुसायला मी काय नवी सून आहे?"

"मग खाली का येत नाहीस?"

"सांगितलं ना, पोट."

"माझ्या बायकोच्या हातचं खाऊन म्हातारा झालास, तेव्हा नाही ते पोट बिघडलं. कोणी काही बोललं का?"

"कोणी काही बोललं नाही," बाइंडर म्हणाला. ते खरंच होतं. कोणी त्याचं नावसुद्धा घेतलं नव्हतं.

"माझं काही चुकलं असेल तर तोंडावर सांग."

"तुझं काय चुकायचंय?"

टेलर थोडा वेळ त्या शेगडीकडे बघत बसला. "ही शिवण काही मला कळेना," असं पुटपुटत उठला आणि भिंतीला हात लावत जिन्याकडे गेला. पुढेही काही दिवस दार लोटलेलं असायचं. वॉचमननंच एकदा सहज सांगितलं, "तुमचे टेलर मास्तर दार उघडं टाकतात, चोरी होईल, मी रागावलो त्यांना." बाइंडर हूं म्हणून पुढे गेला. मग केव्हातरी ते दार बंद झालं.

टेलरच्या मुलीचा आग्रह जुनाच होता. दोघंच तिकडे काय करता, इकडे या. टेलर दर वेळी उडवून लावायचा. आता त्यानं उडवून लावलं नाही. घर भाड्यानं द्यायचं ठरलं आणि एका सकाळी खाली टेम्पो उभा राहिला.

बाइंडर उतरून आला. शिलाई मशीन गोधडीत गुंडाळून बांधायचं होतं. दोरीला गाठ त्यानंच मारली, पुस्तकाच्या शिवणीला मारतात तशी पक्की. वहिनी त्याच्याकडे न बघता पुढे जाऊन बसल्या. टेलर टेम्पोच्या फळीला हात लावून उभा राहिला.

"काही म्हणायचंय का तुला?" त्यानं विचारलं.

जाऊ नकोस, एवढे दोनच शब्द होते. बाइंडर म्हणाला, "काही नाही. सावकाश जा."

काही महिन्यांनी ती मुलगी दुसऱ्या फेरीसाठी आली. टेलरच्या दारावर दुसरीच पाटी बघून ती थेट सहाव्या मजल्यावर गेली.

"आजोबा, टेलर आजोबा कुठं गेले? आणि तुम्ही नाही गेलात त्यांच्याबरोबर?"

"मी कशाला जाईन?"

"म्हणजे... तुम्ही त्यांच्या घरातलेच ना." ती हसत बसली. "काय भांडले होते ते माझ्याशी! घरात कोण कोण, विचारलं तर म्हणाले तिघं. मी म्हटलं, ते आजोबा वर वेगळे राहतात, त्यांना घरात धरता येत नाही. तर म्हणाले, झोपायला जातो तो वर, जेवायला कुठं येतो? मला सर रागावतील म्हटलं, तर म्हणाले, सरांना घेऊन ये, मी बघतो. शेवटी तुम्हाला घरात धरलं, तेव्हा कुठं पुढचे प्रश्न विचारू दिले." मग तिचा चेहरा एकदम उतरला. "अय्या, एका घरचं दुसरीकडे बोलायचं नसतं आम्ही. सरांना सांगू नका हं."

बाइंडरनं मान हलवली. ती आणखी काय काय विचारत होती, त्याला नीट ऐकू येत नव्हतं. या पोरीला मी काय सांगितलं होतं? मी एकटा, असं सांगितलं होतं. टेलरला मीच बाहेरच्यांत बसवलं होतं, आणि वर त्याचा आनंद मानला होता.

मुलगी गेल्यावर त्यानं टेलरच्या मुलीचा नंबर लावला. तिनं वडिलांना बोलावलं.

"हं, बोल," टेलर म्हणाला.

बाइंडरनं सगळं सांगितलं. दाराबाहेर उभं राहणं, औषधवाला, कंडक्टर, वॉचमन. पलीकडे टीव्हीवर लहान मुलांचा काहीतरी कार्यक्रम चालू होता.

"त्या पोरीला पाचवं नाव पाहिजेच होतं," टेलर म्हणाला. "मला सुचेना. बाहेरचं असं कोण होतं मला?"

"चुकलं माझं."

"आत यायचं होतंस रे. गधड्या, माझं नाव कुठंय, म्हणून माझी गचांडी धरायची होतीस. घरचा माणूस तेच करतो. तू पाहुण्यासारखा दारातून परत गेलास. आणि मी वर येऊन विचारलं तर मला पोटाची गोष्ट सांगितलीस."

"परत या तुम्ही दोघं."

"आता कुठं येतो? इथं नातवाला शाळेतून आणायचं माझ्याकडे असतं. हिचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय." टेलरच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बाइंडरला धरायला काहीतरी मिळालं असतं.

"मग मी येऊ का तिकडे? एक-दोन दिवस?"

पलीकडे टेलरनं फोनवर हात ठेवल्यासारखा आवाज दबला, मग मोकळा झाला.

"ये की. पण आधी कळव हं. जागा लहान आहे, जावयांना विचारावं लागेल."

"हो हो. कळवतो," बाइंडर म्हणाला.

फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की वहिनींशी बोलायचं राहूनच गेलं. त्यानं फोन पुन्हा हातात घेतला. पण लगेच दुसऱ्यांदा फोन करायचा तर काय कारण सांगायचं, हे त्याला सुचेना.