मोरीमागचं अद्रक

लग्न होऊन मी ब्रह्मपुरीला आले, त्या वर्षी सासूबाईंना खोकला झाला. मी मोरीमागचं अद्रक खुरप्यानं मुळासकट उपटलं. मी चंद्रपूरची, अद्रक बाजारातून आणणारी. बाजूची माती बोटांनी सारून एखादाच जुना तुकडा मोडून घ्यायचा आणि रोप तसंच ठेवायचं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

"मले इचारलं काऊन नाई?" सासूबाई खोकत खोकतच ओरडल्या. ते बेणं त्यांच्या आईनं आलापल्लीहून पदराला बांधून आणलं होतं. मी ठेचायला घेतलेले तुकडे त्यांनी हिसकावले, ओल्या मातीत परत पुरले आणि स्वतः नुसतं गरम पाणी प्यायल्या. औषध पुरून ठेवणारी बाई! माझं तर डोकंच फिरलं.

अद्रक पुन्हा फुटलं. सासूबाई आता नाहीत.

परवा मला खोकला झाला. सून खुरपं घेऊन मोरीमागे निघाली, तशी मी खाटेवरूनच ओरडले, "बाजारातून आण!"

"घरचं असून बाजारातून काऊन?"

"घरचं हाये म्हणूनच."