मामूंनी वाचवलेली विहीर

मामू गेल्याचा फोन रत्नागिरीहून आला तेव्हा मी बर दुबईत अब्रातून, म्हणजे खाडीतल्या होडीतून उतरत होतो. वय झालं होतंच त्यांचं; तरी धक्क्यावरून तसाच गावचं तिकीट काढायला गेलो.

साठच्या दशकात मामू रास अल खैमात इंजिन फिटर होते, मी त्यांच्या हाताखाली. तिथं तेव्हा यंत्र म्हणजे आमचं डिझेल इंजिन, बाकी खजुराच्या बागा आणि विहिरीवरचे बैल. अरबाबाच्या, म्हणजे आमच्या मालकाच्या बागेत इंजिनाचं पहिलं पाणी पाटात पडलं, तेव्हा गावातले म्हातारे त्या पाण्याबरोबर शेवटच्या झाडापर्यंत चालत गेले होते. दोन वर्षांत वाळूत टोमॅटो पिकला, ट्रक भरभरून दुबईच्या देरा बाजाराला जाऊ लागला. मी थक्क होऊन बघत राहायचो.

मामू मात्र रोज इंजिन सुरू करण्याआधी ओंजळभर पाणी तोंडात घोळवायचे. खाडीकाठचा माणूस, उपसा वाढला की विहीर मचूळ होते हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. तिसऱ्या वर्षी एका सकाळी चूळ टाकून म्हणाले, "खलास. समुद्र आत येतोय. आजपासून दोनच तास."

अरबाब भडकला. दिवसभर चालव, नाहीतर पुढच्या बोटीनं घरी जा, म्हणाला. माझी पाचावर धारण बसली. आमच्या पगारावर गावात दोन चुली पेटत होत्या.

"मामू, पाणी गोडच आहे हो, मी प्यायलोय."

"तुझ्या जिभेला काय कळतंय? सोडा पिऊन वाढलास तू. झाडाला कळतं, पण ते उशिरा सांगतं."

दुसऱ्या दिवशी ते नमाजला गेले आणि मी गुपचूप इंजिन चालू केलं. भेकडपणाच तो. मामू आले, इंजिन बंद केलं. आपली कपड्यांची पेटी उचलून अरबाबासमोर उभे राहिले. "माझ्या भाच्याला ठेव, मी जातो. पण दोन तासांच्या वर चालवू नकोस."

परक्याच्या झाडांसाठी आपली भाकरी सोडणारा माणूस अरबाबानं पाहिला नसावा; मी तर नव्हताच पाहिला. त्यानं मामूंच्या हातातली पेटी काढून घेतली. पुढं दोनच तास इंजिन चाललं. शेजारच्या बागेतही इंजिन आलं होतं, ते दिवसभर धडधडायचं. काही उन्हाळ्यांतच तिथली विहीर खारट झाली, नुसते बुंधे उरले.

आमच्या बागेचा खजूर अजून दरवर्षी येतो, आता अरबाबाची मुलं पाठवतात. यंदाचा डबा मामू गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी पोचला. मामींनी पहिला खजूर माझ्या हातावर ठेवला. "हे नेहमी सांगायचे, त्या दिवशी भाचा पाठीशी उभा राहिला म्हणून बाग वाचली."

तो खजूर मी तसाच खिशात ठेवला. मामी रविवारची पुरवणी न चुकता वाचतात. म्हणून हे लिहिलं.