दत्तक या शब्दाची तालीम

समाजसेविका आमचं घर बघायला येणार म्हणून बायकोने आणि मी दोन दिवस घर घासून काढलं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. इंदिरानगरात आमचा छोटा फ्लॅट होता आणि मी अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर होतो. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर आम्ही मूल दत्तक घ्यायचं ठरवलं, संस्थेत अर्ज दिला, आणि आता ही गृहभेट. आम्हाला ती परीक्षाच वाटत होती.

ताई आल्या, पाणी प्यायल्या, सगळ्या खोल्यांतून फिरल्या. शोकेसमधल्या काचेच्या बाहुल्या बघून म्हणाल्या, घर छान आहे, पण मूल पसारा कुठे करणार? बायको पटकन म्हणाली, "कुठेही करू दे." तेव्हा कुठे ताई हसल्या.

मग त्यांनी घरच्यांबद्दल विचारलं. माझी आई निफाडजवळ गावी राहायची. तिची हरकत नाही, असं मी सांगितलं, पण ते अर्धंच खरं होतं. आईची बाळाला हरकत नव्हती, लोकांना सांगायला होती. तिचं म्हणणं, वर्षभर गावाकडे फिरकू नका, मग बाळ घेऊनच या, कुणाला काय कळतंय.

ताईंनी फार खोदलं नाही. त्यांनी आम्हाला रविवारी गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये पालकांच्या बैठकीला बोलावलं. तिथे मूल घरी आणलेली वीसेक कुटुंबं होती. बायकोने डॉक्टर, लसी, कोर्टाची कागदपत्रं असं सगळं लिहून घेतलं. माझ्या लक्षात राहिलं ते एकच. ताई म्हणाल्या होत्या, "दत्तक हा शब्द पहिल्या दिवसापासून घरात बोला. योग्य वयाची वाट बघू नका. बाळाला कळत नाही तोवर तालीम तुमचीच होते."

मुलगी घरी आली तेव्हा पाच महिन्यांची होती. आई तिला न्हाऊ घालायला येऊन राहिली. अंघोळीनंतर पावडर लावून कपडे घालायचं काम माझ्याकडे होतं. पहिल्या दिवशी दार लोटून मी तिला अगदी कुजबुजत म्हटलं, "आम्ही तुला दत्तक घेतलंय." तिने माझी मिशी घट्ट धरून ओढली. आठवडाभरात मात्र ते वाक्य टोपडं बांधता बांधता सहज तोंडात येऊ लागलं.

एक दिवस आईने ते बाहेरून ऐकलं. कशाला बडबडतोस, शेजारी ऐकतील, म्हणाली. आम्हाला तसंच शिकवलंय, असं मी सांगितलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. नातीला मात्र दिवसभर गाणी चालू होती.

मुलगी वर्षाची होत आली तेव्हा जावळासाठी आम्ही गावी गेलो. अंगणात बायका जमल्या होत्या. शेजारच्या एका काकूंनी मुलीला मांडीवर घेऊन नीट निरखलं आणि म्हणाल्या, नाक आईचं नाही, कपाळ बापाचं नाही, ही गेलीय तरी कुणावर? माझं वाक्य घोटून तयार होतं, पण आईनेच तोंड उघडलं.

"ती कुणावर गेली नाय, बाई. ती आमच्याकडं आलीय. दत्तक हाय."

काकूंनी क्षणभर आईकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आन् पेढे कधी देणार?"

लपवायच्या नादात गावात पेढे वाटायचेच राहिले होते. आईने मला तसंच स्कूटरवर निफाडला पिटाळलं. मी परत आलो तेव्हा जावळ उरकलं होतं आणि तुळतुळीत डोक्याची आमची लेक एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर फिरत होती.

नऊ वर्षांची झाल्यावर तिने जन्म देणाऱ्या आईबद्दल विचारलं. आम्हाला फार काही माहीत नव्हतं, म्हणून तिला घेऊन संस्थेत गेलो. ताईंचे केस एव्हाना पांढरे झाले होते. त्यांनी तिला समोरच्या खुर्चीत बसवून फाइलमध्ये होतं तेवढं सांगितलं आणि जे माहीत नव्हतं, ते माहीत नाही म्हणाल्या. लेकीने विचारलं, "तिला पत्र लिहिलं तर चालेल?"

ताई म्हणाल्या, लिही, मी फाइलमध्ये जपून ठेवीन. ती कधी आलीच, तर तिला मिळेल. येईलच असं मात्र सांगता येत नाही.

लेकीने तिथेच बसून अर्धा तास लिहिलं. आम्हाला वाचू दिलं नाही. फक्त पाकीट बंद करण्याआधी घरचा फोन नंबर नीट विचारून घेतला, आणि त्याखाली मोठ्याने म्हणत लिहिलं, शाळा पाचला सुटते, फोन त्यानंतर करावा.