ऐच्छिक मुलाखत आणि कीडकी वांगी

शनिवार, १६ मे, सकाळ. स्थळ: बोरगाव मेघे, आमचं घर. हजर: मी, आमचे हे, केळझरहून आलेला माझा धाकटा भाऊ, माझी भावजय आणि त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, जिच्यासाठी हा सगळा जमाव होता. गैरहजर: शेजारच्या काकू. त्यांना मीच सांगून आले होते की दुपारपर्यंत वाटी घेऊन साखर मागायला येऊ नका. कुलर बंद.

मे महिन्यात वर्ध्यात कुलर बंद ठेवायला तसंच कारण लागतं. कुलर बैठकीच्या खोलीत होता, त्याचा आवाज मोठा होता, आणि त्याच खोलीत लॅपटॉपवर भाचीची मुलाखत व्हायची होती.

भाचीची बारावी झाली होती. आम्ही मोठ्यांनी तिच्यासाठी दोन-तीन ठिकाणी अर्ज भरले होते, पण एक अर्ज तिने आपल्या मनाने भरला होता. परराज्यातल्या एका निवासी महाविद्यालयाचा. तिथे किड्यांचा अभ्यास शिकवतात. नववीपासून या मुलीला किड्यांचं वेड. तिला तेच कॉलेज हवं होतं, दुसरं कोणतंही नको होतं. मार्क चांगले होते, पण मार्कांनीच दार उघडेल इतके नव्हते. कॉलेजने कळवलं: मुलाखत ऐच्छिक आहे. दिली नाही तरी अर्जाचा विचार होईल.

या ‘ऐच्छिक’ने आमच्यात दोन पक्ष पाडले. भावाचं म्हणणं साधं होतं. "ऐच्छिक हाये म्हंते ना ते? मंग काऊन द्याची? तोंड उघडलं का माणूस फसते." भावजय त्याच्या बाजूने होती, कारण आपली मुलगी परक्या माणसासमोर किती बोलते ते तिला ठाऊक होतं. पाहुणे आले की ही पाण्याचा पेला ठेवून न्हाणीघरात लपायची.

मी म्हटलं, आपल्याकडे लग्नाच्या पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापतात, तेवढं वाचून हात हलवत कोण जातं? छापणाऱ्यालाही माहीत असतं आणि वाचणाऱ्यालाही. भाऊ म्हणाला, "बाई, ते लगन हाये, हे कॉलेज हाये." आमचे हे म्हणाले की दोन्हीकडे मुलगीच सासरी जाते. त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

शेवटी मी भाचीलाच फोन करून विचारलं. ती म्हणाली, "आत्या, मले जाचं हाये तिथं. बोलनं नाई जमत, पन देतो मी."

मग मी कामाला लागले. मुलाखत आमच्याकडे, कारण केळझरला शनिवारी-रविवारी देवळात येणाऱ्या गाड्यांचे हॉर्न थेट भावाच्या घरात ऐकू येतात. इन्व्हर्टरमध्ये पाणी भरून घेतलं. नेट गेलं तर म्हणून यांचा मोबाइल शेजारी तयार. भिंतीवरचं किराणा दुकानाचं कॅलेंडर काढलं. दाराच्या घंटीची तार सोडवली. ‘आपल्याबद्दल काही सांगा’ याचं उत्तर तिच्याकडून म्हणवून घेतलं. ती ते शाळेतल्या प्रतिज्ञेसारखं म्हणत होती, हात सरळ आणि नजर समोर. ते काही मला सुधारता आलं नाही.

स्वयंपाक भावजयीकडे होता. तिने कुकरमध्ये गोळाभात, म्हणजे डाळीचे गोळे घातलेला भात, टाकला होता. भावाने येताना शेतातली पिशवीभर वांगी आणली होती. चांगली सकाळीच सेलूच्या बाजारात गेली, ही उरलीसुरली. कीडकी असतील तर काप आणि टाक, असं तो मला दारातच म्हणाला.

ठरल्या वेळी पडद्यावर एक मॅडम आणि एक सर आले. हिंदी की इंग्रजी, असं त्यांनी विचारलं. भाचीने हिंदी निवडली. आमच्याकडे हिंदी काही परकी नाही, भाजीवाल्याशी भांडताना आपोआप तोंडात येते. आम्ही चौघं स्वयंपाकघरात. मधलं दार लोटलेलं. भाऊ दाराला कान लावून उभा, आणि भावजय त्याचा सदरा मागून ओढत होती. घामाने सगळे निथळत होते. आतून मॅडमचा आवाज लांबलचक यायचा आणि आमच्या मुलीचा ‘जी मॅडम’ एवढाच.

प्रतिज्ञा झाली. ‘किडेच का?’ असं विचारलं. ती म्हणाली, रुची आहे. मग सर काहीतरी बोलले, ती ‘जी सर’ म्हणाली. आणखी काही सांगायचंय का, असं मॅडमनी विचारलं. नाही म्हणाली. मग खुर्ची सरकली आणि आम्हाला स्पष्ट ऐकू आलं, "अच्छा मॅडम, मैं आती हूँ."

दार उघडून ती स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. चेहरा उतरलेला.

"झालं?" भावाने विचारलं.

"झालं. गेलं ते कॉलेज."

भाऊ चिडला नाही. त्याने पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला आणि विचारलं, "वांग्यातल्या अळीचं नाई सांगतलं?"

"अळीचं काय सांगू बाबा? ते म्हंतीन, कोनत्या खेड्यातून उचलून आनली."

"अन् बरनीचं?"

बरणीचं नाव निघताच भावजय पेटली. झालं असं होतं की या मुलीने वांग्यातल्या अळ्या भावजयीच्या लोणच्याच्या बरणीत पाळल्या होत्या, वर फडकं बांधून. कोणाला न सांगता. "गुळांबा भराले बरनी काढली मी," भावजय म्हणाली, "फडकं सोडलं तं भुर्रकन पाखरू माह्या तोंडावर! गुळांबा राह्यला अन् ही माह्यावरच वरडते, का आई, उडवलं काऊन?" भावाने भावजयीची नक्कल केली, कशी ती परातीसकट अंगणात धावली. भाचीला हसू आवरेना. आम्ही सगळे इतक्या मोठ्याने हसलो की कुकरची शिट्टी कोणी मोजली नाही.

आता कुलर लावायला हरकत नाही, म्हणून आमचे हे बैठकीत गेले. बटण दाबल्याचा आवाज आला नाही. त्याऐवजी त्यांचा अतिशय अदबशीर आवाज आला, "नमस्कार. चाय लेंगे आप लोग?"

मी धावले. पडद्यावर मॅडम आणि सर तसेच बसलेले. समोर रिकामी खुर्ची.

मॅडम हसून म्हणाल्या की आम्ही वाट पाहतोय, ती काही आणायला गेली आहे ना?

माझ्या डोक्यात उजेड पडायला क्षणभर लागला. आपल्यात निघताना ‘जाते’ कोणी म्हणत नाही. जाते म्हणणं अशुभ, म्हणून ‘येते’. पोरीने घरातून निघताना म्हणतात ते हिंदीत करून सांगितलं होतं. पण हिंदीत ‘मैं आती हूँ’ म्हणजे थांबा, आलेच. ती बिचारी माणसं थांबली होती. कॉल बंद करायचं कोणाच्या यादीत नव्हतं, माझ्यासुद्धा.

मी स्वयंपाकघरात येऊन सांगितलं. भाची भिंतीला चिकटली. म्हणाली, आता त्यांना सांगा की चूक झाली, माझं संपलं होतं. मी तिला म्हटलं, तसंही सांगता येईल. पण त्यांना वाटतंय की तू काही आणायला गेलीस. आणायचं असेल तर आण.

 मग तिची नजर पिशवीकडे गेली. पण तिच्याआधी भाऊच खाली बसला होता. पिशवीतून वांगी काढून, फिरवून, भोकं शोधत. विळी काही नेता येणार नाही, म्हणून मी चाकू दिला. "जाय," तो म्हणाला, "मी देतो एकेक."

या खेपेला दार उघडंच राहिलं. भाची खुर्चीत बसली, वांगं कॅमेऱ्यासमोर धरलं आणि म्हणाली की आमच्या शेतात ही येतात, यात अळी असते, दाखवते. कापलं. आत पांढरंशुभ्र, अळी नाही. भावाने दुसरं दिलं. तेही स्वच्छ. माझा भाऊ इतकी वर्षं वांगी पिकवतो, अळीला त्याने दिल्या नाहीत अशा शिव्या नाहीत. तो माणूस आता पिशवीत हात घालून पुटपुटत होता, "निघ वं माय, आजच्या दिवस निघ."

तिसऱ्यात निघाली. गुलाबीसर, चांगली धष्टपुष्ट. भाऊ इतक्या आनंदाने "हाये!" म्हणाला की पडद्यावरच्या सरांनी त्यालाही नमस्कार केला.

त्यानंतर आमच्या मुलीला थांबवणं कठीण झालं. अळी आधी शेंड्यात शिरते, मग शेंडा कसा मान टाकतो, मग फळात. बरणीतलं पाखरू किती दिवसांनी निघालं. आईने ते कसं उडवलं. हिंदीत शब्द सापडला नाही की वऱ्हाडी घालायची. सरांनी मध्येच एक गोष्ट समजावली, ती तिला पटली नाही. तिने बरणीत पाहिलं ते वेगळं होतं. तसं ती म्हणाली. सर पुन्हा समजावू लागले, ही पुन्हा विचारू लागली. मॅडम हनुवटीला हात लावून दोघांकडे पाहत होत्या. आम्ही दाराच्या चौकटीत चौघंही उभे, आणि भात करपला.

शेवटी मॅडमनी निरोप घेतला तेव्हा भाची उठता उठता पुन्हा ‘मैं आ’ इथपर्यंत आली आणि थांबली. मॅडम म्हणाल्या, "हाँ हाँ, आइए." मग मी स्वतः जाऊन कॉल बंद केला.

करपलेला भाग वगळून गोळाभात सगळ्यांनी दोनदा घेतला. मॅडम ‘आइए’ म्हणाल्या त्याचा अर्थ काय, यावर भावाने आणि यांनी संध्याकाळपर्यंत वाद घातला.

जूनमध्ये ईमेल आला. प्रवेश मिळाला. भाऊ पेढे घेऊन बोरगावला आला आणि शेजारच्या काकूंना आधी देऊन मग आमच्याकडे. त्या दिवसापासून भाची रोज मला फोन करून एकेक वस्तू विचारते आणि मी यादीवर खूण करते. गादी झाली. बादली-मग झालं. कुलूप, दोन किल्ल्यांचं, झालं. तिकीट सेवाग्रामहून, त्या तिघांचं, पक्कं झालं. भावजयीने बरणी दिली आहे, गुळांब्याने भरलेली, आणि बजावलं आहे की ही खाऊन संपवायची.

एकच काम राहिलं आहे. वसतिगृहाला त्या गावातला स्थानिक पालक हवा आहे, म्हणजे मुलगी आजारी पडली तर जाईल असा कोणीतरी. आमचं तिथे कोणी नाही. भावाचं म्हणणं, त्या मॅडमलाच विचार, एवढ्या हसत होत्या. तसं चालत नाही, हे त्याला पटत नाही. यांच्या ऑफिसमधल्या एकाची मेहुणी त्या शहरात राहते असं कळलं आहे. नंबर मिळाला आहे. मेहुणीला काय म्हणून फोन करायचा, हे ठरत नाही, म्हणून तो अजून झालेला नाही. गुरुवारी गाडी आहे.